मूळ शॉकअप बदलावेत की ठेवावेत? इंटरसेप्टर ६५० च्या निमित्ताने नवख्या चालकांसाठी मार्गदर्शन

रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० नोव्हेंबर २०१८ मध्ये भारतात विक्रीस आली. इंजिनाबद्दल बहुतेक मालक समाधानी असतात, मात्र पहिल्या काही हजार किलोमीटरनंतर ‘मागचे शॉकअप बदलून घ्यावेत का?’ हा प्रश्न हमखास निघतो. प्रश्न रास्त आहे. या गाडीच्या पुढच्या ४१ मिलिमीटर जाडीच्या फोर्कला (म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या, आत स्प्रिंग व तेल असलेल्या दोन नळ्यांना) ११० मिलिमीटर आणि मागच्या चाकाला अवघी ८८ मिलिमीटर वर-खाली हालचाल मिळते. त्याच कंपनीच्या पहिल्या हिमालयनला पुढे २०० आणि मागे १८० मिलिमीटर हालचाल होती, हे लक्षात घेतले की खड्डा चुकवता न आल्यास इंटरसेप्टरच्या चालकाला कमरेत धक्का का बसतो, हे वेगळे सांगावे लागत नाही. तरीही लगेच पैसे खर्च करणे मात्र बहुतेक वेळा घाईचे ठरते. पुढील क्रम इंटरसेप्टर डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, पण मागे दोन शॉकअप असलेल्या कोणत्याही मोटरसायकलला तो थोड्याफार फरकाने लागू पडेल.

मूळ शॉकअप निकृष्ट असतात, हा समज प्रथम बाजूला ठेवावा. आपल्याकडे गॅब्रिएल इंडिया ही १९६१ पासूनची कंपनी पुणे जिल्ह्यात, तर एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज परिसरात शॉकअप बनवते आणि देशातील अनेक दुचाकींना ते पुरवले जातात. चांगला शॉकअप कसा बनवावा, हे या कारखान्यांना उत्तम ठाऊक आहे. अडचण अशी की, साठ किलोंचा तरुण एकटा बसणार आणि नव्वद किलोंचा गृहस्थ पत्नीसह सामान लादून बसणार, या दोघांसाठी एकच स्प्रिंग, ठरलेल्या किमतीत आणि देखभालीशिवाय वर्षानुवर्षे टिकेल अशी द्यावी लागते. असा शॉकअप ही सगळ्यांसाठी केलेली तडजोड असते. त्या तडजोडीपासून आपण किती दूर आहोत, एवढेच आपल्याला शोधायचे आहे.

पहिली पायरी : तक्रार एका वाक्यात लिहून काढा

‘सस्पेन्शन खराब आहे’ ही तक्रार नव्हे. नेमके कोठे, किती वेगाला आणि काय होते, हे लिहावे. मोठ्या गतिरोधकावर मागून ‘ठक्’ असा धातूचा आवाज येऊन धक्का बसत असेल, तर हालचाल संपून शॉकअप शेवटाला टेकत आहे. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी दोन-तीनदा वर-खाली झुलत राहत असेल, तर स्प्रिंग उलगडताना तिला आवरणारे डॅम्पिंग, म्हणजेच रिबाउंड, अपुरे आहे. सिमेंट रस्त्याच्या सांध्यांवर किंवा पेव्हर ब्लॉकवर हातांना बारीक, कडक हिसके बसत असतील, पण लांबट खळग्यावर गाडी छान तरंगत असेल, तर दोष स्प्रिंगचा नसून बहुधा फोर्कमधील तेलाच्या वाटांचा आहे. घाटातील लांब वळणावर गाडी मागून डुलत असेल, तर कारण सस्पेन्शनमध्ये असेलच असे नाही, आणि म्हणूनच पुढची पायरी टाळू नये.

दुसरी पायरी : जे सस्पेन्शन नाही, ते आधी तपासा

टायरमधील हवा गाडी थंड असताना स्वतःच्या मापकाने मोजावी आणि चालकपुस्तिकेत दिलेल्या आकड्याशी ताडून पाहावी. पंपावरचा मापक आणि आपला मापक यांत तीन-चार पीएसआयचा फरक निघाला तर आश्चर्य मानू नये. हवा जास्त भरलेला टायर इतका कडक होतो की चांगल्यातला चांगला शॉकअपही निरुपयोगी वाटावा. त्यानंतर गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे, फोर्कची खालची टोके धरून पुढे-मागे हलवावे. खटखट जाणवली तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते तो बेअरिंगचा संच, सैल आहे. हँडल मधल्या स्थितीत अडखळत असेल, तर त्यातील बेअरिंगला खाच पडली आहे. मागचे चाक धरून आडवे हलवल्यास चिमट्याचे (मागचे चाक धरणाऱ्या लोखंडी बाहूंचे) बुश किंवा चाकाचे बेअरिंग झिजले आहे का, हे कळते. फोर्कच्या चकचकीत नळीवर तेलाचा ओलसर पट्टा दिसत असेल, तर ऑइल सील गेले आहे आणि त्या फोर्कबद्दलचे कोणतेही मत सील बदलल्याशिवाय बनवू नये.

आसनाचाही विचार करावा. दोन तासांनी कंबर दुखणे आणि खड्ड्यावर कंबर दुखणे या भिन्न तक्रारी असून पहिलीचा इलाज बहुतेकदा आसनाच्या फोममध्ये असतो.

तिसरी पायरी : सॅग मोजा

या लेखातील सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे आणि त्यासाठी लागते फक्त एक मोजपट्टी, एक चिकटपट्टी व दोन मित्र. गाडीच्या आणि चालकाच्या वजनाने सस्पेन्शन जितके खाली बसते, त्याला सॅग म्हणतात. रस्त्यावरच्या वापरासाठी चालक बसल्यावर एकूण हालचालीच्या साधारण ३० ते ३५ टक्के सॅग असावा, असा प्रघात आहे. चाकाला खड्ड्यात खाली उतरायलाही जागा लागते, म्हणून थोडा सॅग हवाच; फार असला, तर वर उचलले जाण्यासाठी जागा उरत नाही. इंटरसेप्टरच्या मागच्या बाजूला हा आकडा सुमारे २६ ते ३१ मिलिमीटर आणि पुढे ३३ ते ३८ मिलिमीटर येतो.

मागच्या चाकाच्या अक्षाच्या बरोबर वर, गाडीच्या मागील भागावर चिकटपट्टीने एक खूण करावी. चाक पूर्ण अधांतरी असताना अक्षापासून खुणेपर्यंतचे अंतर घ्यावे. नंतर गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी धरून, कोणी न बसता तेच अंतर पुन्हा घ्यावे. शेवटी नेहमीचे जॅकेट, हेल्मेट व बूट घालून चालकाने पायदानांवर पाय ठेवून बसावे. एका मित्राने हँडल धरावे आणि दुसऱ्याने मोजावे. पहिल्या मापातून दुसरे वजा केले की रिकाम्या गाडीचा सॅग मिळतो, आणि पहिल्यातून तिसरे वजा केले की चालकासहित सॅग मिळतो. बारकावा असा की, सील आणि बुशच्या घर्षणामुळे प्रत्येक माप थोडे फसवे असते. म्हणून एकदा गाडी हलकेच दाबून सोडावी, एकदा किंचित उचलून सोडावी आणि दोन्ही मापांची सरासरी धरावी.

समजा, एका चालकाचे वजन साहित्यासह ९५ किलो आहे. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, सर्वांत कमी असताना त्याला ५४०, ५३२ आणि ४९८ मिलिमीटर अशी मापे मिळाली. रिकाम्या गाडीचा सॅग ८ मिलिमीटर आणि चालकासहित ४२ मिलिमीटर, म्हणजे ८८ पैकी जवळपास निम्मी हालचाल तो नुसता बसल्यानेच संपली. अशा गाडीचे शॉकअप गतिरोधकावर टेकले, तर त्यात नवल नाही.

चौथी पायरी : फुकटात होण्यासारखे सगळे करून पाहा

मागच्या शॉकअपच्या खालच्या भागात पायऱ्या असलेली एक कडी असते. गाडीसोबत मिळणाऱ्या हुकासारख्या पान्याने ती फिरवून प्रीलोड बदलता येतो. इंटरसेप्टरला अशा पाच पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंची कडी एकाच पायरीवर ठेवावी. गॅरेजमधून परत आलेल्या गाडीतही ती कधी कधी वेगवेगळी निघते, तेव्हा स्वतः वाकून पाहिलेले बरे.

येथे एक फार रूढ गैरसमज दूर करायला हवा. ‘प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते’, असे सर्रास म्हटले जाते. सगळीकडे सारख्या अंतराचे वेटोळे असलेल्या स्प्रिंगच्या बाबतीत ते खरे नाही. तिला एक मिलिमीटर दाबायला जेवढा जोर आधी लागत होता, तेवढाच नंतरही लागतो. बदलते ती फक्त गाडीची बसण्याची उंची. म्हणूनच सॅगची दोन्ही मापे एकत्र वाचली, तर स्प्रिंग आपल्या वजनाला योग्य आहे की नाही, याचा निवाडा घरबसल्या होतो.

वरच्याच चालकाने प्रीलोड शेवटच्या पायरीवर नेला आणि चालकासहित सॅग ३२ मिलिमीटरवर आला, असे धरू. आकडा जवळजवळ योग्य दिसतो. पण आता रिकाम्या गाडीचा सॅग शून्य झाला आहे, म्हणजे गाडी एकटी उभी असताना शॉकअप पूर्ण ताणलेला आहे. योग्य स्प्रिंगवर तो ५ ते १० मिलिमीटर असायला हवा. याचा अर्थ, स्प्रिंग या चालकासाठी मऊ आहे आणि प्रीलोडने ती केवळ झाकली गेली आहे. त्याला प्रत्यक्षात अधिक कडक स्प्रिंग हवी. याउलट, पंचावन्न किलोंच्या चालकाचा चालकासहित सॅग बरोबर असूनही रिकाम्या गाडीचा सॅग पंधरा-वीस मिलिमीटर निघाला, तर स्प्रिंग त्याच्यासाठी फार कडक आहे. ज्याची दोन्ही मापे मर्यादेत बसतात, त्याने स्प्रिंगसाठी तरी एक रुपयाही खर्च करू नये.

पाचवी पायरी : फोर्कचे तेल बदलून घ्या

इंजिनाचे तेल वेळेवर बदलणारे लोकही फोर्कच्या तेलाकडे वर्षानुवर्षे पाहत नाहीत. ते तेल बुशच्या झिजेने काळे पडते, पातळ होते, आणि चार-पाच पावसाळे काढलेल्या गाडीतून निघालेले तेल पाहिले की पुढची बाजू का आदळते, ते समजते. मेकॅनिककडून हे काम करून घेताना तेल किती मिलिलिटर ओतले, एवढ्यावर न थांबता दोन्ही नळ्यांत ते वरच्या काठापासून सारख्याच अंतरावर आहे का, हे स्प्रिंग बाहेर काढून व फोर्क पूर्ण दाबून मोजायला सांगावे. तेलावरची हवा दाबली गेल्यावर दुसऱ्या स्प्रिंगसारखे काम करते, त्यामुळे ही पातळी थोडी वर घेतली, तरी फोर्क शेवटाला टेकण्याचे प्रमाण कमी होते.

जाड तेल घालून फोर्क ‘टाइट’ करून देण्याचा सल्ला मात्र जपून घ्यावा. साध्या फोर्कमध्ये तेल ठरावीक आकाराच्या छिद्रांतून जाते, आणि अशा छिद्रातला विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ब्रेक लावताना फोर्क हळू दबतो, तेव्हा विरोध अपुरा पडतो आणि गाडी नाक खुपसते. सिमेंटच्या सांध्यावर तो झटक्यात दबायला हवा, तेव्हा तेल छिद्रात अडते आणि हिसका थेट मनगटात येतो. जाड तेलाने पहिली तक्रार थोडी कमी होते, पण दुसरी वाढते. दोन्ही एकाच वेळी सुटायला हव्या असतील, तर जास्त दाब आला की उघडणारी झडप बसवावी लागते. मूळ फोर्क तसाच ठेवून आत बसणाऱ्या अशा झडपा आणि वजनानुसार निवडलेल्या स्प्रिंगा मिळतात. माझ्या मते, संपूर्ण नवा फोर्क घेण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी शहाणपणाचा आहे.

मागचे मूळ शॉकअप बहुतेकदा सीलबंद असतात. त्यांतून तेल गळू लागले, तर दुरुस्तीचा नाद न करता जोडीच बदलावी. एकच बदलू नये.

सहावी पायरी : ठरलेल्या रस्त्यावर चाचणी घ्या

घराजवळचा आठ-दहा किलोमीटरचा असा फेरा निवडावा, ज्यात दोन मोठे गतिरोधक, सिमेंटचे सांधे, थोडा उखडलेला डांबरी तुकडा आणि दोन-चार वळणे असतील. पुण्याच्या चालकांना सिंहगडाच्या पायथ्यावरून खानापूरमार्गे पाबे घाटाकडचा भाग सोयीचा पडेल. प्रत्येक बदलानंतर त्याच वेगाने, टायरमध्ये तीच हवा ठेवून तोच फेरा मारावा आणि थांबून लगेच दोन ओळी लिहाव्यात. आठवणीवर विसंबू नये, कारण पैसे खर्च केल्यानंतर गाडी सुधारल्याचा भास मनाला फार सहज होतो.

आता निर्णय

इथपर्यंतचे सगळे केल्यावर बऱ्याच चालकांची तक्रार सुसह्य पातळीवर येते, आणि ते रोज कार्यालयात जाण्यासाठी गाडी वापरत असतील, तर त्यांनी येथेच थांबावे. ज्यांना दोन वर्षांत गाडी विकायची आहे, त्यांनीही थांबावे. चांगल्या शॉकअपचे पैसे जुन्या गाडीच्या किमतीत क्वचितच वसूल होतात.

बदल खरोखर फायद्याचा ठरतो, तो तीन प्रकारच्या चालकांना. पहिला, ज्याच्या वजनाला मूळ स्प्रिंग बसत नाही हे सॅगच्या मापांनी दाखवले आहे. दुसरा, जो नेहमी डबलसीट आणि सामानासह लांब जातो. तिसरा, जो सलग तासन्‌तास खराब रस्त्यावर गाडी चालवतो. या तिसऱ्या चालकाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगायला हवी. साध्या शॉकअपमध्ये तेल आणि वायू एकाच नळीत असतात. मुंबई-गोवा महामार्गाच्या रखडलेल्या टप्प्यांसारख्या रस्त्यावर सतत आदळे बसत राहिले की ते घुसळून निघतात, तेलात फेस होतो, आणि फेसाळ तेल छिद्रांतून विरोध न करता निसटते. सकाळी ठीक वाटणारी गाडी दुपारी झुलू लागते, त्याचे एक कारण हे आहे. महागड्या शॉकअपमध्ये तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता दट्ट्या किंवा रबरी पडदा असतो, त्यामुळे फेस होण्यास आळा बसतो. बाजूला दिसणारी छोटी टाकी याच कामासाठी असते. बाजारात निव्वळ शोभेची, आतून पोकळ टाकी चिकटवलेल्या जोड्याही मिळतात. त्या मूळ शॉकअपपेक्षा वाईट निघण्याची शक्यताच जास्त.

एक गोष्ट मात्र कोणत्याही किमतीला विकत मिळत नाही. ८८ मिलिमीटरची हालचाल उत्तम शॉकअपने अधिक नीट वापरली जाईल, पण तिचे दोनशे मिलिमीटर होणार नाहीत. ज्याला रोज कच्च्या रस्त्यानेच जायचे आहे, त्याने शॉकअपऐवजी गाडी बदलण्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

खरेदी करताना

विक्रेत्याला पहिला प्रश्न ब्रँडचा नको, स्प्रिंगचा विचारावा: ‘माझे वजन इतके आहे, सोबत इतके सामान असते, तर कोणत्या आकड्याची स्प्रिंग येईल?’ याचे नेमके उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याच्याकडून काही घेऊ नये. स्वीडनची ओहलिन्स ही १९७६ पासूनची कंपनी असो वा थायलंडची वायएसएस असो, नाव कितीही मोठे असले, तरी चुकीच्या वजनाची स्प्रिंग असलेली जोडी चुकीचीच. मग शॉकअपच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधली लांबी मूळ जोडीशी जुळते का, ते पाहावे. लांब जोडी बसवली की गाडीची मागची बाजू उचलली जाते, पुढच्या फोर्कचा कोन बदलतो, हँडल हलके व अस्थिर वाटू लागते आणि साइड स्टँडवर गाडी जास्त कलते. शेवटचा प्रश्न देखभालीचा. दुरुस्त करता येणारा शॉकअप काही वर्षांनी उघडून तेल, सील व नायट्रोजन बदलावा लागतो. हे काम आपल्या शहरात कोण करतो आणि सुटे भाग मिळतात का, याची खात्री पैसे देण्याआधीच करावी.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. म्हणून उंची किंवा सांगाडा बदलणारे प्रयोग टाळावेत, आणि हमीच्या मुदतीत गाडी असेल, तर अधिकृत सेवा केंद्राकडे व विमा कंपनीकडे आधी लेखी विचारणा करावी.

बसवल्यानंतर

मागचे दोन शॉकअप बदलणे अवघड नाही, पण गाडी मेन स्टँडवर असताना चाकाखाली लाकडी ठोकळा द्यावा आणि एका वेळी एकच बाजू सोडवावी, म्हणजे चिमटा खाली लटकत नाही. बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच, म्हणजे आवळण्याच्या ठरलेल्या जोरानेच, आवळावेत. उंचीत थोडा जरी फरक पडला असेल, तर साखळीची ढिलाई पुन्हा तपासावी. घट्ट झालेली साखळी सस्पेन्शनची हालचाल रोखून धरते आणि दोष मात्र नव्या शॉकअपला दिला जातो.

त्यानंतर सॅग पुन्हा मोजावा. रिबाउंडचा नॉब असल्यास तो आधी पूर्ण बंद करून, तेथून किती ‘क्लिक’ उघडल्यावर कंपनीने सुचवलेली स्थिती येते, ते मोजून लिहावे. आसन जोराने दाबून सोडल्यावर गाडी वर येऊन एकदाच स्थिरावली पाहिजे. ती पुन्हा खाली जाऊन झुलत असेल, तर रिबाउंड दोन क्लिक वाढवावा; अगदी आळसटपणे वर येत असेल, तर दोन क्लिक कमी करावा. रिबाउंड गरजेपेक्षा जास्त असला की ओळीने येणाऱ्या खड्ड्यांवर शॉकअपला पुन्हा उघडायला वेळच मिळत नाही, तो दर धक्क्याला थोडा थोडा खाली बसत जातो आणि चालकाला वाटते की शॉकअप कडक आहे. एका फेऱ्यात एकच गोष्ट बदलावी आणि दोन्ही बाजू सारख्या ठेवाव्यात.

नवी स्प्रिंग थोडी बसते, म्हणून पाचशे किलोमीटरनंतर सॅग आणि बोल्ट दोन्ही पुन्हा पाहावेत. पावसाळ्यात फोर्कच्या नळीवर सुकलेला चिखल ओल्या मऊ फडक्याने पुसून काढावा. तो खरवडून काढल्यास सीलच्या ओठांना चरे पडतात. मूळ जोडी भंगारात न देता पुसून, ‘डावा’ आणि ‘उजवा’ अशी चिठ्ठी लावून घरात उभी ठेवावी. गाडी विकताना ती परत बसवता येते आणि नवी जोडी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या मालकाला वेगळी विकता येते.